दहा चाकं, पाच डिपार्टमेंट

गेल्या वर्षी मी गिअरची सायकल घेऊन घरी आले, तेव्हा बाबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. मग विचारलं, "स्टँड कुठंय?"

"नसतो हिला."

"मडगार्ड?"

"नसतं."

"कॅरिअर?"

"तेही नाही." (कॅरिअरचा प्रश्न बाबा सायकल सोडूनही मला अधूनमधून विचारतात. फ्रीलान्स पत्रकारितेत हे चालायचंच!)

मग किंमत. मी सहा हजार कमी करून सांगितली, तरी ते खुर्चीत बसले. "एवढे पैसे घेऊन त्यांनी तुला निम्मीच सायकल दिली की गं..."

बाबांचं चुकत नाही. १९८३ साली ते भोसरी एमआयडीसीत जे ब्लॉकमधल्या एका छोट्या कंपनीत लागले. चिंचवडगावातून रोज सायकल. येऊन-जाऊन पंधरा-सोळा किलोमीटर. फर्स्ट असो, सेकंड असो, नाहीतर पावसाळ्यातली थर्ड. हँडलला डबा, कॅरिअरला रेनकोट. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागून साठच्या दशकात टेल्को, बजाज असे मोठे कारखाने आले आणि या पट्ट्यातली एक अख्खी पिढी सायकलवरून कामाला गेली. भोंगा झाला की गेटमधून आधी सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. त्याला कुणी 'सायकलिंग' म्हणत नव्हतं. कामावर जाणं म्हणत होते.

नऊ वर्षं पॅडल मारल्यावर १९९२ साली बाबांनी सेकंडहँड चेतक घेतली. हार, पेढे, मोरया गोसावींच्या मंदिरापर्यंत पहिली फेरी. सायकल गेली भंगारात. "त्या दिवशी मी सायकलवरून उतरलो," असं बाबा आजही सांगतात. सुपरवायझर झाल्याचंही ते इतक्या कौतुकानं सांगत नाहीत. आणि त्यांची मुलगी पैसे मोजून परत सायकलवर चढली! आता सांगा, कुणाचं डोकं फिरलंय?

तर, आमचा ग्रुप. आमच्यात कुणालाच नाव नाही, डिपार्टमेंट आहे. चाकण पट्ट्यात दोन वर्षं काढलीत तर तुमच्याही नावाचं हेच होईल. 'क्वालिटी' टायरमधली हवा गेज लावून मोजतो आणि सकाळच्या चहाचासुद्धा मायक्रोसेकंदात हिशेब ठेवतो. 'पेंटशॉप' एका मोठ्या कंपनीत पर्मनंट, युनियनचा माणूस, मोशीत टू बीएचके, हप्ते चालू. 'एचआर' म्हणजे माझी कॉलेजमधली मैत्रीण, एमबीए, आमच्या ग्रुपमधली सर्वांत फिट व्यक्ती. मला म्हणतात 'प्रेस'. चाकणमध्ये प्रेस म्हणजे पत्रकार नव्हे, पत्रा ठोकणारं मशिन. चालतंय.

पाचवा 'डिस्पॅच'. त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

तो आम्हाला कुरुळीत एका पंक्चरच्या दुकानात भेटला. पेंटशॉपच्या सायकलची चेन तुटली होती. आमच्याकडं चेन जोडायचं टूल होतं, चांगलं परदेशी, पण ते वापरायचं कसं हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. बाकावर बसलेला एक काळासावळा पोरगा उठला, ते टूल दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून पाहिलं आणि पाच मिनिटांत चेन जोडून मोकळा झाला. पूर्वी कधी पाहिलंय का हे टूल? "नाही मॅडम. पण पिन ढकलायची असती एवढंच काम हाय की त्याचं."

लातूरकडचा. आयटीआय, फिटर. महाळुंग्यात एका पार्ट्सच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, डिस्पॅचला. कुरुळीत दहा बाय बारा खोलीत सहा जण, त्यातले तीन कायम शिफ्टला, म्हणून झोपायला जागा होते. सायकल बावीस इंची, काळी, दांडीची. अठराशे रुपयांना घेतलेली. पुढच्या रविवारी तो आमच्याबरोबर मोशी-आळंदी राइडला आला. त्याच्यापुढच्या रविवारीही आला. मग येतच राहिला.

नोव्हेंबरात, दिवाळी संपल्यावर, क्वालिटीच्या डोक्यात लूप आला. लोणावळ्याला काय, सगळेच जातात! आपण सह्याद्री एका दारानं उतरायचा आणि दुसऱ्या दारानं चढायचा. चाकणहून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, जुन्नर. तिथून माळशेज उतरून मुरबाड. मुरबाडहून म्हसा, कशेळे, कर्जत, खोपोली. आणि शेवटच्या दिवशी बोरघाट चढून लोणावळा, वडगाव, तळेगाव, परत चाकण. तीनशेच्या आसपास किलोमीटर, चार दिवस. एक्सेल शीट तयार.

आता खरा घाट, तो म्हणजे सुट्टी. पेंटशॉपनं दोन पीएल टाकल्या आणि एक सी-ऑफ वसूल केला. क्वालिटीनं गावाकडच्या एका काकांना आजारी पाडलं. एचआरनं स्वतःचाच अर्ज स्वतःच प्रोसेस केला. मला सुट्टी लागत नाही, मला काम लागतं. डिस्पॅचला विचारलं, तर म्हणाला, "मी मोकळाच हाय. तुमी सुट्टी टाकली, मला सुट्टीवर टाकलं."

त्याला ब्रेक पडला होता. बाहेरच्यांना सांगते. वर्षभरात कुणाचे २४० दिवस भरले की कायद्याच्या दृष्टीनं त्याची नोकरी 'सलग' धरली जाते, आणि मग कामावरून कमी करताना नोटीस, भरपाई अशी लचांडं मागं लागतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी सात महिने झाले की कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना ब्रेक देतात. थोडे दिवस घरी बस. मग जागा असली तर नवीन कार्ड, नवीन नंबर, पहिल्यापासून सुरुवात. या पट्ट्यात 'ब्रेक पडला' हे वाक्य कुणी दचकून म्हणत नाही. सर्दी झाली म्हणतात ना, तसं.

पहाटे साडेपाचला निघालो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी चाकणचा किल्ला शाहिस्तेखानाविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला होता. खानाला चाकण इतकं जड का गेलं, हे तळेगाव चौकात सकाळच्या शिफ्टच्या बसेस आणि कंटेनरच्या मधून सायकल काढताना नीट कळतं.

राजगुरुनगरपर्यंत ट्रकचा धूर, खेड घाट चढलो आणि हवा बदलली. पेठ, मंचर, मग नारायणगावात मिसळ. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरनंतर मिसळ म्हणजे काय चीज असते, हे गाडीतून उतरून खाणाऱ्यांना नाही कळायचं. बॉस, तर्री मी पिऊन टाकली!

जुन्नरला मुक्काम. नाणेघाट तिथून फार लांब नाही. सातवाहनांच्या काळात कल्याणहून येणारा माल त्या वाटेनं वर यायचा, जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून वर उभा आहे. "म्हणजे डिस्पॅच डिपार्टमेंट दोन हजार वर्षं जुनं आहे," क्वालिटी म्हणाला, आणि डिस्पॅच पहिल्यांदा मोकळा हसला.

रात्री लॉजच्या गच्चीत क्वालिटीचं लेक्चर झालं. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या सफरीवर निघाले, त्यातल्या तिघांनी १९२८ साली ती पूर्ण केली. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत दोघांच्या टीमनं नऊ दिवसांच्या आत संपवली. २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीतच १५९ दिवसांत जग फिरून आली. आणि आपल्याकडच्या बीआरएम राइड्स... दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, तीनशेला वीस तास. आपणही पुढच्या वर्षी उतरायचं.

डिस्पॅचनं सगळं मन लावून ऐकलं. शेवटी त्याची एकच शंका. "पगारी सुट्टी होती का त्यांना?"

दुसऱ्या दिवशी गणेश खिंडीतून मढ आणि मग माळशेज. पावसाळ्यात जिथं गाड्यांची आणि भिजलेल्या शर्टांची जत्रा असते, तिथं नोव्हेंबरात आम्ही आणि माकडं. कड्यांवर धबधब्यांचे नुसते काळे ओघळ राहिले होते. बोगद्यातून बाहेर पडलं की एका बाजूला उभा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला एकदम कोकण. मी आरडाओरडा करत उतरले. आमच्या सायकलींना डिस्क ब्रेक, दोन बोटांनी दाबले की काम झालं. डिस्पॅचच्या सायकलला लोखंडी दांड्यांचे ब्रेक, रबराची गुटकी रिमला आतून घासणारी. लांब उतारावर ती तापतात आणि पकड सोडतात. तो दर वळणाला थांबत, चाक हातानं चाचपत उतरला. आम्ही खाली तब्बल पाऊण तास थांबलो. कुणीही कुरकुर केली नाही. फोटो काढले, चिवडा खाल्ला. त्याला टाळ्या वाजवून खाली घेतलं. किती छान मित्र आहोत आपण, असं मला तेव्हा वाटलं होतं. उतारावर मोठ्या मनाचं व्हायला काही लागत नाही, एवढंच.

मुरबाडलाही एमआयडीसी आहे. जेवायला बसलो तिथं शेजारच्या टेबलवर सेकंड शिफ्ट सुटलेली पोरं, गळ्यात कार्डं. विषय साहजिकच कंपनीवर गेला. पेंटशॉप वेतन कराराचं सांगत होता. डिस्पॅचनं भाकरी मोडता मोडता एचआरला सहज विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं ब्रेकची लिस्ट कोण करतं?"

एचआर म्हणाली, "मी."

तिची कंपनी वेगळी, त्याची वेगळी. तरी टेबलवर सगळं थांबलं. पेंटशॉपनं उगाच कांदा मागवला.

"मी म्हणजे सिस्टीममधून येते," ती म्हणाली. "तारीख टाकली की नावं आपोआप येतात. मी फक्त मेल करते."

"नावं वाचता का पण?"

"कधी कधी तीनशे असतात रे."

"नाही, बरोबर हाय," तो म्हणाला. अगदी खरंखुरं, टोमणा नाही. "तीनशे कोण वाचत बसंल." आणि त्यानं तिच्या ताटात डाळ वाढली.

रात्री खोलीत ती खूप वेळ जागी होती. मी झोपेत असल्याचं नाटक केलं. मैत्रिणीच्या नोकरीबद्दल बोलायला मला जड जातं. तिच्या पगारावर आमची अर्धी हॉटेलची बिलं चालतात, हेही त्यातलं एक कारण.

तिसरा दिवस सांगण्यासारखा नाही. कोकणातलं ऊन, दोन पंक्चर, उसाचा रस, परत ऊन. खोपोलीत संध्याकाळी साडेपाचला पोचलो आणि समोर भिंतीसारखा बोरघाट बघून सगळे गप्प झाले.

हा घाट आपण सगळ्यांनी हजारदा पाहिलाय, पण गाडीच्या काचेतून. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा नाही आणि लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. मधलं अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. बैलगाड्या जातील असा रस्ता इंग्रजांनी इथं १८३० मध्ये खुला केला. रेल्वे १८६३ मध्ये वर चढली. चढाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवली आणि त्या बदल्यात त्याचा जीव गेला, अशी कथा आहे. जुन्या रस्त्यावर मधोमध त्याचं देऊळ आहे, येणारे-जाणारे गाडीतून नाणं टाकतात. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळं आम्हाला शिंग्रोबाचाच रस्ता.

रात्री क्वालिटीनं गणित मांडलं, ते तुम्हालाही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या सायकलला सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढं २८ दात, मागं ३२. म्हणजे पॅडल एकदा फिरवलं की मागचं चाक एक फेरीही पुरी करत नाही. अंतर कमी, पण जोर कमी लागतो. डिस्पॅचच्या सायकलला पुढं ४४, मागं १८, आणि बदलायची सोय नाही. एका पॅडलला चाकाच्या जवळपास अडीच फेऱ्या. सपाटीवर झकास. घाटात मात्र तेवढंच चढण तिप्पट जोरानं दाबायचं. वर सायकलचं वजन वीस किलोच्या पुढं. "इट्स नॉट पॉसिबल," क्वालिटी म्हणाला. "फिजिक्स आहे."

"चालत येतो की," डिस्पॅच म्हणाला. "त्यात काय."

म्हणून ठरलं, जो सर्वांत हळू, त्याच्या स्पीडनं सगळ्यांनी जायचं. ठराव पेंटशॉपनं मांडला, मी अनुमोदन दिलं.

सकाळी सातला सुरुवात. पहिली वीस मिनिटं आम्ही ठराव पाळला. डिस्पॅच उतरून ढकलत होता, आम्ही त्याच्या आगेमागे. पण सायकल तीन-चारच्या स्पीडनं चालवून बघा. तोल जातो, पाय टेकावा लागतो, आणि चढावर परत निघणं म्हणजे शिक्षा. तोच म्हणाला, "तुमी व्हा पुढं." त्यानं म्हणायचीच जणू आम्ही वाट बघत होतो. एका मिनिटात आम्ही वळणापलीकडं.

मग मला वेगळंच काहीतरी चढलं. पाय न टेकता वर जायचं! माझा फोन हँडलवर लावलेला, ॲप चालू, राइड रेकॉर्ड होतेय. श्वास फाटत होता, घाम डोळ्यांत, पण चाक फिरत होतं. शिंग्रोबाजवळ सगळ्यांत उभा चढ आहे. तिथं पेंटशॉपनं पाय टेकला, क्वालिटीनंही टेकला (त्यानं नंतर हार्ट रेटचं कारण दिलं). मी नाही. एचआर माझ्या पुढं होती.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. स्क्रीनवर 'डिस्पॅच कुरुळी'.

मी कट केला.

हे इथं लिहायला मला तीन आठवडे लागले. उचलायचा तर थांबावं लागलं असतं, थांबायचं तर पाय टेकावा लागला असता. एवढंच कारण. दोन मिनिटांनी परत वाजला, तोही कट केला. मनात म्हटलं, 'हळू या, आम्ही वर थांबतो' हेच सांगायचंय ना, वर गेल्यावर सांगू.

खंडाळ्याला आम्ही पोचलो तेव्हा नऊ वाजत होते. टपरीवर गरम वडापाव. मी तीन खाल्ले. दरीच्या कठड्याला सायकली टेकवून चौघांचा फोटो काढला. ॲपनं मला 'नॉन-स्टॉप'चा कसलासा बिल्ला दिला, तो मी सगळ्यांना दाखवत होते. पावणेदहा झाले, सव्वादहा झाले. पेंटशॉप म्हणाला, फोन लाव त्याला. लावला. बंद.

तेव्हा मी सांगितलं, की दोनदा फोन आला होता.

कुणी काही बोललं नाही. क्वालिटीनं घड्याळाकडं पाहिलं आणि मनातल्या मनात हिशेब केला, तो मला त्याच्या चेहऱ्यावर दिसला. एचआरनं पाण्याची बाटली भरून घेतली, दोन वडापाव कागदात बांधले, सायकल वळवली आणि जो घाट चढायला तिला दोन तास लागले होते, त्याच्या उतारावर ती दिसेनाशी झाली. मी पण येते म्हणाले. "तू बस," ती म्हणाली.

साडेअकराला दोघं आले. दोघंही चालत. तिची गिअरची, बारा किलोची सायकल त्याच्या हातात आणि त्याची काळी बावीस इंची तिच्या हातात! त्याच्या सायकलच्या क्रँकची कॉटर पिन गेली होती. जुन्या सायकलींत पॅडलचा दांडा धुरीला पकडून ठेवणारी ती छोटीशी पाचर असते, ती झिजली की पॅडल नुसतं लळत राहतं. शिंग्रोबाच्या खालीच ती निखळली. आमच्या टूलकिटमध्ये हातोडी होती आणि टूलकिट माझ्या बॅगेत होतं. तेवढंच विचारायला त्यानं फोन केला होता, की जरा थांबता का. मग बॅटरी संपली. दगडानं ठोकून बघितली, बसली नाही, म्हणून चालत निघाला.

त्यानं आल्या आल्या विचारलं, "जेवलात का तुमी?"

मी सॉरी म्हणाले. "ऱ्हाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. "घाटात रेंज नसती."

रेंज होती. त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

लोणावळ्यात एका सायकल मार्टात नवी कॉटर पिन मिळाली. कोपऱ्यातल्या डब्यातून दुकानदारानं शोधून काढली. आमच्या चौघांच्या सायकलींचा एकही पार्ट त्याच्याकडं नव्हता. पुढं सगळा उतार आणि सपाटी. कामशेत, वडगाव, सावकाश. वडगावहून आम्हा चौघांना सरळ देहूरोडमार्गे घरी जाता आलं असतं. क्वालिटीला लूप चाकणलाच क्लोज करायचा होता. एचआरचं कारण वेगळं होतं. "त्या रस्त्यानं अंधारात त्याला एकट्याला सोडायचं नाही."

तळेगाव-चाकण रस्ता ज्यांना माहीत आहे, त्यांना सांगायची गरज नाही. ज्यांना माहीत नाही, त्यांनी संध्याकाळी साडेसहाला तिथं सायकल चालवू नये. कंटेनर, ट्रेलर, कंपनीच्या बसेस, डंपर. साइडपट्टी असेल तर असते. आमच्याकडं हेल्मेट, पुढं पांढरा लाइट, मागं लाल, अंगात चमकणारी जॅकेट. डिस्पॅचच्या सायकलला फक्त मागच्या मडगार्डवरचा लाल काचेचा तुकडा. क्वालिटीनं त्याचा जादाचा लाइट ट्यूबच्या रबरानं त्याच्या सीटखाली बांधला. आणि मग तो पुढं झाला. कुठं रस्ता खचलाय, कुठल्या गेटमधून सातच्या ठोक्याला बस बाहेर येते, कुठं मातीत उतरायचं, त्याला सगळं पाठ होतं. तो हात मागं करून खुणा करायचा, आम्ही चौघं एका ओळीत तसंच करायचो. आजूबाजूला त्याच्यासारखेच आणखी किती तरी जण होते, डबा हँडलला लावून फर्स्ट शिफ्टहून खोलीवर निघालेले, बिनलाइटचे, बिनहेल्मेटचे. रविवारच्या राइडला मी ते कधी पाहिले नव्हते. रविवारी आम्ही सहाच्या आत परत असतो.

एका ठिकाणी ट्रेलर इतक्या जवळून गेला, की माझं हँडल थरथरलं. मला एकदम बाबा आठवले. थर्ड शिफ्ट, पावसाळा, नऊ वर्षं.

कुरुळीच्या कोपऱ्यावर त्याला सोडलं. त्यानं पेंटशॉपला हात मिळवला, क्वालिटीचा लाइट सोडून परत दिला. क्वालिटी म्हणाला, ठेव. मग एचआरला म्हणाला, "येतो ताई." चार दिवस ती मॅडम होती.

मी अजून मॅडमच आहे.

घरी आले तेव्हा बाबा जागे होते. सायकल धुळीनं माखलेली. त्यांनी फडकं आणलं, चेन पुसली आणि मग मागचं चाक उचलून पॅडल फिरवून बघितलं. "फिरतं हलकं," म्हणाले. मी त्यांना फोनची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, पुसत राहिले. खूप वेळानं म्हणाले, "आमच्यात एकाची चेन पडली की दहा जण उतरायचे. नाही उतरलं तर सुपरवायझरला सगळेच लेट दिसायचे ना." आणि हसले.

मधे एचआरकडून कळलं, की ती आता लिस्ट मेल करण्याआधी नावं वाचते. त्यानं काय फरक पडतो, असं मी विचारलं. "काहीच नाही," ती म्हणाली. "वेळ जास्त लागतो."

डिसेंबरच्या शेवटी आंबोलीवरून गोव्याचं चाललंय. क्वालिटीची शीट तयार आहे. मी डिस्पॅचला फोन केला. मीच करायचा असं मी ठरवलं होतं. पहिल्या रिंगला त्यानं उचलला. मागं फोर्कलिफ्टचा बीप-बीप आवाज. दुसऱ्या ठेकेदाराकडं लागलाय, निघोज्याला, नवीन कार्ड, नवीन नंबर, सध्या नाइट. गोव्याचं सांगितलं. पेंटशॉपकडं जुनी गिअरची सायकल पडून आहे, ती घे म्हटलं. आणि सगळ्यांनी एकत्रच चढायचं, तेही म्हटलं.

"बघतो की," तो म्हणाला. "ब्रेक पडला तर येतो."